शेरेबुकात या वेळी वेगळं काही लिहा: केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी (शिक्षण)

विषय: शाळाभेटीत पहिली ते तिसरीचं वाचन तपासण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

शाळाभेटीला आलात की पहिली-दुसरीच्या वर्गात आपण साधारण दहा मिनिटं थांबता. एखाद्या मुलाला उभं करून 'बाराखडी म्हण' सांगता, नाहीतर पुस्तक उघडून 'हे वाच' म्हणता. मूल घडाघडा बोललं तर शेरा चांगला. अडलं तर 'वाचनाकडे अधिक लक्ष द्यावे'. त्या दहा मिनिटांत जे विचारलं जातं तेच पुढचा महिनाभर वर्गात शिकवलं जातं, हे आमच्याइतकंच आपल्यालाही ठाऊक आहे. म्हणून हे पत्र आयुक्तांना किंवा मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितो आहोत.

मागणी एकच आहे. वाचताना मूल नेमकं कुठे अडतं ते शोधा आणि तेवढंच शेरेबुकात लिहा.

सुरुवात बाराखडीपासून करू. 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि' हे सुरात म्हणणं मुलांना आवडतं, आणि म्हणायला आमची हरकत नाही. वाचताना मात्र हाच सूर आडवा येतो. समोर 'विहिरीपाशी' आलं की मूल 'व ला पहिली वेलांटी वि, ह ला पहिली वेलांटी हि' असं सुरू करतं. पाचव्या अक्षरापर्यंत पोचेस्तोवर पहिलं 'वि' डोक्यातून निसटलेलं असतं, मग शेवटी 'पाशी' एवढंच उरतं. आपल्याला वाटतं त्याला जोडून वाचता येत नाही. खरं म्हणजे त्याच्यावर प्रत्येक अक्षरामागे आठ-दहा जादा उच्चारांचं ओझं टाकलेलं असतं.

तक्त्यावर एकदा करून पाहा. प च्या ओळीत मधेच 'पो' वर बोट ठेवा आणि मुलाच्या ओठांकडे बघा. ओठ 'प पा पि पी' असे हलत हलत 'पो' पर्यंत आले, तर मुलाला गाणं येतं, अक्षर येत नाही. उपाय अवघड नाही: बाराखडी आडवी न शिकवता उभी शिकवायची. आधी काना, तोही येत असलेल्या सगळ्या अक्षरांना लावून: का, मा, ना, रा. मग दुसरी वेलांटी, मग मात्रा. कार्ड समोर धरलं की थेट 'की' यायला हवं, मधलं कुठलंही 'क ला' नको. पहिली वेलांटी जरा मागाहून घ्यावी, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. डावीकडून उजवीकडे इमानदारीने निघालेलं मूल तिथेच गोंधळतं.

आता मुळाक्षरांचा क्रम. मराठीची वर्णमाला 52 वर्णांची: 14 स्वर, 2 स्वरादी (अं, अः), 34 व्यंजनं आणि क्ष, ज्ञ. व्यंजनं तोंडात कुठे उच्चारली जातात त्यावरून ती लावलेली आहेत, आणि ती मांडणी देखणी आहे यात शंका नाही. पण ज्याला अजून एकही शब्द वाचता येत नाही त्याच्यासाठी ती गैरसोयीची आहे. एकसारखे ऐकू येणारे आवाज तिथे शेजारीशेजारी येतात: क-ख-ग-घ, ट-ठ-ड-ढ. शिवाय क पासून ङ पर्यंत पोचलेल्या मुलाला एवढ्या अक्षरांत वाचता काय येईल, तर 'खग'. हा शब्द त्याने आयुष्यात ऐकलेला नसतो. महिनाभर शिकून घरी काही वाचून दाखवता येत नाही, तिथेच मुलाचा रस जातो.

त्याऐवजी अक्षरगट घ्या. पहिला गट क, म, र, न, ल, घ आणि सोबत काना, एवढाच धरला तरी घर, नाक, कान, काम, मका, लाल, रान, घार, नरम, कमान, काका, मामा असे शब्द होतात. 'काका, काम करा' हे अख्खं वाक्य होतं. दुसऱ्या गटात त, प, स, ब, ट आणि दुसरी वेलांटी व मात्रा आली की 'मामीने बटाटे कापले' वाचता येतं. ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. फलटणला भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्यावर कित्येक वर्षं काम केलं आहे. एका गटाला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. पुढच्या गटाकडे जाण्याआधी त्याच अक्षरांचे, पण मुलाने आधी न वाचलेले दहा शब्द द्यायचे. आठ आले तर पुढे, नाहीतर आणखी एक आठवडा तिथेच. 'अभ्यासक्रम मागे पडला' म्हणून आपण इथे घाई करू नये, एवढी विनंती. ऑगस्टमध्ये वाचवलेला आठवडा दुसरीत वर्षभर फेडावा लागतो.

गट पाडताना सारख्या दिसणाऱ्या जोड्यांकडे लक्ष हवं. घ-ध, भ-म, ब-व, प-ष, य-थ, ड-इ ही नेहमीची भांडणं. घ पहिल्या गटात असेल तर ध ला निदान दोन गट लांब ठेवा. पहिलं अक्षर पक्कं झाल्यावर मात्र दोघांना मुद्दाम शेजारी आणा: घार-धार, घर-धर. ख चा पाय नीट जोडून काढला नाही तर 'खाली' चं 'रवाली' होतं. पुस्तकातला दोन पाकळ्यांचा ल आणि मोबाइलवरचा उभ्या दंडाचा ल ही मुलाला वेगळी अक्षरं वाटतात. दोन्ही शेजारी लिहून दाखवायला मिनिट पुरतं, पण ते कुणी दाखवत नाही.

आता ऐकण्याबद्दल. एक शब्द हाताशी घेऊ: 'मुलगा'. टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे पाडायला सांगितले की बहुतेक मुलं दोनच टाळ्या वाजवतात: मुल-गा. शिक्षक म्हणतात चूक, तीन हव्यात. चूक मुलाची नाही. आपण बोलतो 'मुल्गा', लिहितो 'मुलगा'. मधल्या ल मधला अ आपण उच्चारतच नाही. 'चमचा' चंही तेच. श्रुतलेखनात एखाद्या मुलीने 'मुल्गा', 'चम्चा' लिहिलं तर तिचा कान उत्तम आहे, फक्त लिहिण्याचा रिवाज तिला अजून कळलेला नाही. तिला 'तू बरोबर ऐकलंस, आपण लिहिताना मात्र पूर्ण ल लिहितो' असं सांगायचं. लाल रेघ मारून दहा वेळा लिहायला लावलं की ती पुढच्या खेपेला ऐकणंच सोडून देते.

उलट बाजूनेही हेच घडतं. 'क, म, ल' अशी सुटी अक्षरं बरोबर म्हणणारं मूल त्यांचा 'कमल' करू शकत नाही, कारण शेवटचा ल ते 'लऽ' असा लांबवतं. अशा वेळी एकेक अक्षर न वाढवता शब्द हळू ओढून म्हणून दाखवायचा, 'कऽमऽल्', आणि मग झटकन 'कमल'. च आणि ज ची गंमत आणखी वेगळी. 'चार' आणि 'चारा' यांतले दोन च उच्चारात वेगळे आहेत, अक्षर एकच. अक्षर बघून ते कळणार नाही, शब्द ओळखीचा असेल तरच कळेल. म्हणून पहिलीच्या वर्गात गप्पा, गाणी, कोडी, गोष्टी यांवर गेलेली वीस मिनिटं वाया गेली असं कृपया लिहू नका. वाचनाची निम्मी तयारी तिथेच होते.

जोडाक्षरं. वरच्या इयत्तेत 'सावकाश घेऊ' म्हणून ती मागे ठेवली जातात. पण जोडाक्षराशिवाय पाच वाक्यांची साधी गोष्ट लिहून पाहा. 'कोल्हा म्हणाला' इथेच अडाल. त्याच्या, तिच्या, माझ्या, गेल्या, तुम्ही, आम्ही, दुसऱ्या हे शब्द तर मराठीच्या प्रत्येक परिच्छेदात येतात. तेव्हा म्ह, ल्ह, च्या, त्या, झ्या, ल्या हे आकार पहिलीच्या उत्तरार्धातच ओळखीचे करून द्यावेत, 'अर्धा च आणि य ला काना' अशी फोड न करता. फोड दुसरीत. तिथे दंड असलेल्या अक्षरांचा दंड जातो (ग्य, प्त, स्त) हे आधी, दंड नसलेल्यांचं (ट्ट, द्ध, द्य, ह्म) नंतर, आणि र सगळ्यात शेवटी. र ला चार वेश आहेत: सूर्य, चक्र, राष्ट्र आणि दुसऱ्या. चारही एकाच तासाला फळ्यावर मांडले की मुलाच्या हाती काहीच लागत नाही. एका आठवड्याला एक वेश पुरे.

एवढं सांगण्याचं कारण असं की पुढची तपासणी याच जागा शोधण्यासाठी आहे. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या देशव्यापी पाहणीतली वाचनचाचणी 2005 पासून आपल्याला माहीत आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल कुठल्या पायरीवर आहे ते तिच्यातून कळतं आणि मोठ्या पाहणीला तेवढं पुरतं. मूल त्या पायरीवर का थांबलं आहे, हे शिक्षकाला हवं असतं. ते शोधायला आपली दहा मिनिटं पुरतात.

हजेरीपटावरचे कुठलेही तीन क्रमांक आपण स्वतः सांगा. शिक्षकांनी पुढे केलेलं मूल नको. मुलाला वर्गासमोर उभं करू नका, व्हरांड्यात सतरंजीवर शेजारी बसा. पाठ्यपुस्तक घेऊ नका, कारण बरीच मुलं धडे ऐकून पाठ करतात आणि चित्र बघून म्हणतात. कोरा उतारा घ्या. दुसरीसाठी असा चालेल:

'सकाळी रानात धुकं होतं. आजी विहिरीवरून पाणी घेऊन येत होती. वाटेत तिला एक लहान कुत्रं दिसलं. त्याच्या पायाला काटा लागला होता. आजीने कळशी खाली ठेवली. काटा काढला. कुत्रं शेपटी हलवत तिच्या मागे मागे घरी आलं.'

पस्तीस शब्द आहेत. एक प्रत मुलाकडे, एक आपल्याकडे. शब्द बरोबर आला की खूण, चुकला तर मूल जे म्हणालं ते शब्दावर जसंच्या तसं लिहायचं. अडलं तर मनातल्या मनात तीन अंक मोजा, मग शब्द सांगून पुढे जा. 'नीट बघ', 'आठव' असं काही नको. मुलाने चुकून मग स्वतःच सुधारलं, तर तिथे गोल करा. हा गोल चूक नसतो. मूल अर्थ लावत वाचतं आहे याचा तो पुरावा असतो.

आता लिहिलेलं वाचा. 'धुकं' चं 'घुकं' झालं असेल तर आकाराचा घोटाळा, कार्डं घेऊन दोन दिवसांचं काम. 'त्याच्या' चं 'तयाचया' आणि 'कुत्रं' चं 'कुतर' झालं असेल तर जोडाक्षरं शिकवलेलीच नाहीत. मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. 'कळशी' ला 'काळशी' म्हटलं तर स्वरचिन्हं पक्की नाहीत. 'कळशी' ला 'कळी' म्हटलं तर मूल पहिली दोन अक्षरं बघून उरलेलं ठोकून देतं. त्याला शब्दाच्या शेवटापर्यंत बोट न्यायला लावायचं, आणि कळी, कळशी, कळस असे शब्द एकत्र द्यायचे. 'विहिरीवरून' वर अक्षरं सगळी बरोबर येऊन शब्द जुळला नसेल तर शिडी करा: विहीर, विहिरी, विहिरीवर, विहिरीवरून. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटत जातात, त्यामुळे अशी शिडी रोज एक तरी हवीच. आणि 'पाणी घेऊन येत होती' ऐवजी कुणी 'पाणी आणत होती' वाचलं, तर शब्द चुकले तरी अर्थ पोचला आहे. ही चूक आणि 'तयाचया' ही चूक एकाच मापाने मोजू नका.

शेवटी दोन प्रश्न. कुत्र्याच्या पायाला काय झालं होतं? याचं उत्तर उताऱ्यात आहे. आजीने कळशी खाली का ठेवली? हे उताऱ्यात लिहिलेलं नाही. हात मोकळे व्हावेत म्हणून, असं मुलाने आपल्या शब्दांत काहीही सांगितलं तरी चालेल. पस्तीसच्या पस्तीस शब्द वाचून या प्रश्नावर गप्प बसणारी मुलं भेटतात. देवनागरीत हे सहज शक्य आहे, कारण अक्षरं आली की अर्थ न कळताही शब्द उच्चारता येतो. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल, यवतमाळकडे कोलामी किंवा गोंडी, नंदुरबारला पावरी, पालघरला वारली बोलणारं मूल 'कळशी' वाचेल, पण तो शब्द त्याच्या घरात असेलच असं नाही. त्याला उत्तर त्याच्या बोलीत देऊ द्या आणि ते बरोबर धरा. तिथे दुरुस्ती वाचनात करायची नसते. उतारा वाचायला देण्याआधी शब्दांवर गप्पा मारायच्या असतात.

वेगाबद्दल थोडं बोलायलाच हवं. जुलै 2021 मध्ये निपुण भारत हे केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान सुरू झालं, तेव्हा दुसरीच्या शेवटी मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीला किमान 60 शब्द अशी लक्ष्यं आली. लक्ष्य असण्याला विरोध नाही, कारण फार हळू वाचणाऱ्याच्या डोक्यात वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात राहत नाही. पण शब्द मोजताना भाषा बघा. 'विहिरीवरून' हा आपला एक शब्द, हिंदीत त्याचे तीन होतात: 'कुएँ पर से'. त्याच मजकुराला मराठीत कमी शब्द लागतात आणि प्रत्येक शब्द लांब असतो. 2022 च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात, म्हणजे तिसरीच्या मुलांच्या राष्ट्रीय पाहणीत, भाषेनुसार वेगवेगळे निकष धरले गेले ते उगाच नाही. घड्याळ लावायचंच तर खिशात ठेवा. हातात मोबाइलचं स्टॉपवॉच दिसलं की मूल अर्थ सोडून पळत सुटतं, आणि नेमकं त्यालाच आपण 'ओघवतं वाचन' असं लिहून येतो.

वर्गातल्या आणखी दोन गोष्टी डोळ्यांखालून घाला. एक, सामूहिक वाचन. तीसजण एका सुरात म्हणतात तेव्हा चारजण वाचतात आणि बाकीचे त्यांच्यामागून अर्ध्या क्षणाने ओढतात. डोळे पुस्तकावर किती जणांचे आहेत ते मोजा. दोन, पुस्तकांचं कपाट. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी ते उघडतं आणि फाटतील या भीतीने पुन्हा बंद होतं. पुस्तकं फाटलेली दिसली तर शिक्षकांना जाब विचारू नका, उलट शाबासकी द्या. हे आपण एकदा शिक्षण परिषदेत सगळ्यांसमोर बोललात तर निम्मी कपाटं दुसऱ्या दिवशी उघडतील.

ह्रस्व-दीर्घाचं ओझं पहिली-दुसरीत नको. 'पाणि' लिहिणाऱ्याला वाचता येत असतं. मराठीत शब्दाच्या शेवटी वेलांटी दुसरीच, एवढा एक नियम दुसरीच्या अखेरीस सांगता येतो. 'आणि', 'नि' त्याला अपवाद आहेत, तेवढे मुलं हसत हसत लक्षात ठेवतात.

द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक दोन वर्ग सांभाळतो, तिथे हे सगळं कसं जमायचं, हा आपला प्रश्न रास्त आहे. सगळ्यांबरोबर सगळं जमत नाहीच. अडणाऱ्या सहा मुलांबरोबर रोज पंधरा मिनिटं बसणं जमतं. तेवढा वेळ बाकीच्यांनी जोडीने वाचायचं किंवा त्या दिवशीच्या अक्षरांचे शब्द पाटीवर लिहायचे. वर्गात थोडा गलका होईल. आपण आलात आणि गलका दिसला, तर शिक्षकाने सहाजणांना सोडून वर्ग गप्प करायला धावावं अशी अपेक्षा ठेवू नका.

आणि मग शेरा. 'वाचनाकडे अधिक लक्ष द्यावे' या वाक्याचं शिक्षकाने काय करायचं ते आम्हाला अजून कळलेलं नाही. त्याऐवजी असं काही लिहून जा: 'पट क्र. 4: च्या, त्या, ल्या अडतात. पट क्र. 11: घ-ध, बाकी चांगलं, दोनदा स्वतः सुधारलं. पट क्र. 17: सर्व शब्द बरोबर, अर्थ लागत नाही, घरी पावरी बोलतात.' खाली तारीख, सही. पुढच्या भेटीला नवा उतारा आणा आणि आधी याच तिघांना बोलवा.

आपले,
पहिली ते तिसरीला मराठी वाचन शिकवणारे काही शिक्षक